पाचवा दाब

अंकुश लेंगऱ्याच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पहिल्यांदा फडफडलं ते दाढी करताना. हातात वस्तरा होता म्हणून ध्यान गेलं, नाहीतर गेलंही नसतं. अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा असतो ना, त्याच्या आत कुणी चिमणीचं पिल्लू कोंडावं तसं. फड, फड, फड. मग गप. गालावरचा साबण सुकेपर्यंत अंकुश आरशापुढं हात धरून उभा राहिला. पिल्लू परत फडफडलं.

दुपारी पोटरीत झालं. दुसऱ्या दिवशी पापणीत. आठवड्यात अशी गत झाली की अंगात कुठं हलत नाही तेवढीच जागा शोधायची राहिली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, उष्णता झाली, आणि तांब्याभर ताक पिऊन आडवा झाला असता. पण अंकुशचा धंदाच हाताचा. तो जनावरांच्या बाजारातला दलाल. माणदेशात ढालेवाडीला दर रविवारी खिल्लार बैलांचा बाजार भरतो. शेतातनं बैल कधीच गेला. तिथं आता माणसाशिवाय चालणारे ट्रॅक्टर फिरतात, बांधावर कुत्रंसुद्धा बसत नाही. पण बैल शर्यतीत राहिला, हौसेत राहिला, म्हणून बाजार राहिला. आणि बाजारात राहिली टॉवेलाची रीत.

ही रीत अशी. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि भाव बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक लाख. दोन धरली की दोन. चारी धरली की चार. आणि चारी बोटं धरून वरनं अंगठ्यानं हाताच्या पाठीवर दाबलं, की पाच. तोंडानं मात्र 'पोरगी कुठं दिली', 'गुडघा काय म्हणतोय' असलं चाललेलं. बघणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून भाव पडला तरी कुणाची लाज जात नाही. फोनवर बैल विकायचे लई प्रयत्न झाले, पण खिल्लारवाला गडी शेवटी टॉवेलाखालीच येतो.

आणि खोटं कशाला बोला, अंकुशला त्या टॉवेलाची गरज पोटापेक्षा जास्त होती. बायको इंदू जाऊन तीन वर्षं झालेली. पोरगी सानिका चाकणला दिलेली. घरात हा एकटा. गाडीत कंडक्टर उरला नव्हता, दुकानात कुणी हातावर सुट्टे ठेवत नव्हतं. सोमवारपासनं शनिवारपर्यंत त्याला माणसाचं बोट लागत नव्हतं. रविवारी मात्र पंचवीस-तीस माणसं त्याचा हात हातात घ्यायची. गरम, घामट, शेणाच्या वासाचे हात. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सांगायची गोष्ट आहे का ती.

तर फडफड काही थांबेना, तेव्हा त्यानं फोनला विचारलं. फोननं लई गोडीनं दहा कारणं सांगितली. नऊ साधी. दहावं, नसा वाळायचा आजार. मेंदूचा निरोप हातापायाला पोचवणाऱ्या नसा एकेक करून सुकतात. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख जागं. लवकर धरला तर आता त्यावर सुई निघालीय, रोग जिथं आहे तिथं थोपवून धरते. उशिरा धरला तर काही नाही.

माणसाला दहातली दहावीच गोष्ट ऐकू येते. अंकुशला तेवढीच आली.

सानिकाला तो सांगणार नव्हता, पण बोलता बोलता तोंडातनं निसटलं. चौथ्या दिवशी घरावर उडत खोकं आलं. आत रबरासारखी काळी पट्टी, मनगटाच्या वर बांधायची. लोक तिला नसपट्टी म्हणायचे. शहरात निम्म्या हातांवर ती होती.

"आबा, ती कशी चालते सांगते, नीट ऐका," सानिका फोनवर म्हणाली. "आपल्या मळ्यात डीपी होता का न्हाई? त्याच्यावरनं वायरी निघायच्या, आणि एकेका वायरीवर पाच-पाच मोटारी."

"त्यातल्या दोन आकडा टाकून."

"आबा, ऐका हो. तसंच अंगात असतं. एक नस म्हणजे एक वायर. तिच्यावर मांसाचे शे-दोनशे धागे, त्या मोटारी. मेंदूनं बटण दाबलं की सगळ्या एकदम उचलतात. कधी बटण न दाबताच वायर ठिणगी टाकते. मोटारी हिसका देतात. ती तुमची फडफड."

"म्हंजे वायर जळाली."

"न्हाई ना. चांगली वायरपण टाकते ठिणगी. चहा जास्त झाला, झोप मोडली, काळजी लागली की टाकतेच. पण मरायला लागलेली वायरपण टाकते. दोन्ही बाहेरनं सारखंच दिसतं. फरक आतला आहे. वायर मेली की तिच्या मोटारी पोरक्या होतात, शेजारची वायर त्यांना आपल्यावर घेते, मग त्या शेजारच्या वायरीचा आवाज मोठा यायला लागतो. पट्टी कातड्यावरनं एकेक वायर वेगळी ऐकते. सहा महिने ऐकलं की ठाम सांगते."

"सहा महिने?"

"सलग. मधी एक दिवस जरी काढली तरी मोजणी पहिल्यापासनं. आंघोळीलापण चालते. आणि तोवर रोजचा आकडा सांगते, आणि दिवा दाखवते. हिरवा, पिवळा, लाल. माझ्या फोनवरपण दिसंल मला."

अंकुशनं पट्टी बांधली. दिवा पिवळा लागला. पिवळ्याचा अर्थ, काही सांगता येत नाही, लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार. तो उठला की आकडा बघायचा. चारशे बारा. भाकरी थापताना बघायचा, चारशे साठ. आकडा वाढला की काळजात धस्स व्हायचं, धस्स झालं की ठिणग्या वाढायच्या, ठिणग्या वाढल्या की आकडा. घाण्याचा बैल तरी अमावास्येला सुटतो.

आणि एक गंमत झाली, गंमत म्हणजे तशी नाही. आधी सानिकाचा फोन आला की ती विचारायची, "आबा, जेवलात का, काय केलं होतं?" मग तो सांगायचा, पिठलं केलं, मीठ जास्त पडलं, आणि त्यावर दहा मिनिटं जायची. आता तिला सगळं फोनवर दिसत होतं. ती म्हणायची, "आबा, आज पाचशे तीस? झोपला नाहीत ना?" तो म्हणायचा, "झोपलो की." संपलं. तिची माया कमी झाली नव्हती, उलट वाढली होती, पण ती सगळी त्या आकड्यात जाऊन बसली होती. पिठलं तसंच राहिलं.

पट्टी बांधून तो बाजारात गेला तेव्हा पहिला भेटला मकबूल मुलाणी. मकबूल म्हणजे बत्तीस वर्षं त्याच्या समोरचा दलाल. सौद्यात भांडायचे आणि दुपारी एका फडक्यावर भाकरी सोडायचे. पलीकडचा माणूस लबाड आहे असं दोघंही गावभर सांगायचे, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर अंगावर जायचे.

"काय रं, बांगडी भरलीस?" मकबूल म्हणाला.

"पोरीनं धाडलीय."

"मंग दुसऱ्या हातातबी भर. एक हात मोकळा बरा दिसत न्हाई."

अंकुशनं त्याला काही सांगितलं नाही. रोगाचं नाव तोंडातनं काढलं की तो खरा होईल असं त्याला वाटत होतं.

पट्टीला तीन महिने होत आले, त्या रविवारी एका पांढऱ्याशुभ्र जोडीचा सौदा पडला. शिंगं अशी की दोघांची चार मिळून एक कमान. विकणारा मकबूलचा, घेणारा अंकुशचा. टॉवेल पडला. मकबूल म्हणाला, "तुझ्या जावयाची बदली झाली म्हणं," आणि टॉवेलाखाली त्यानं अंकुशची चारी बोटं धरली. अंकुशनं वाट बघितली. हाताच्या पाठीवर दाब येतोय का. आला नाही. त्यानं उलट चार दाबून कबूल केलं, टॉवेल ओढला, म्हणाला, "झाला सौदा."

सौदा झाला म्हटलं की झाला, असा बाजाराचा कायदा. पण विकणारा उसळला. पाच ठरले होते, चार कसे?

"मी पाच दाबलेत," मकबूल म्हणाला.

"न्हाई दाबलंस."

"अंकुश, अंगठा ठेवलाय मी तुझ्या हातावर."

"चार दिलंस तू. मी लहान पोर हाय का?"

माणसं गोळा झाली. पंचातला सर्जेराव ढाले आला, बाजारातला सगळ्यात वयस्कर माणूस. तेवढ्यात कुणीतरी मागनं म्हणालं, "अंकुशतात्याचा हात बघा की, कसा नाचतोय."

सगळ्यांनी बघितलं. अंकुशनंही बघितलं. अंगठ्याखालचं पिल्लू भर उजेडात, माणसांच्या देखत फडफडत होतं. आणि मनगटावर तो पिवळा दिवा.

तिथं अंकुशचं पाणी झालं. आपला हात आपला राहिला नाही, त्याला काय कळतंय आणि काय नाही ह्याची खात्री कुणी द्यावी? त्याच्या ह्या हातावर पाच काय, पन्नास दाबले असते तरी मेलेल्या नसांना काय कळणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

"असंल," तो खाली बघून म्हणाला. "माझ्याच हाताची चूक असंल."

सौदा मोडला. बैल दावणीला परत गेले. दलालाच्या जन्मात मोडलेला सौदा म्हणजे नाक गेल्यातलं. वर कुणीतरी तरणं पोरगं म्हणालं की ही पट्टी बोट हलायच्या आधी नस ऐकते, म्हणजे टॉवेलाखालचा भाव फोनवर जातोय की काय. तसं काही जात नव्हतं. पण सर्जेरावानं तोडगा काढला. "ज्याच्या हाताला पट्टी, त्याच्या हातावर टॉवेल न्हाई. काढायची आन् यायचं. तात्या, तुमच्यावर राग न्हाई, पर रीत ती रीत."

जाताना मकबूल जवळनं गेला. "चूक कबूल केलीस ती मागनं. आधी मला चारचौघांत खोटा पाडलास," एवढंच बोलला.

आता पट्टी काढायची म्हणजे मोजणी पहिल्यापासनं. त्या वेळी तीन महिने झाले होते. अंकुशनं शनिवारी रात्रीपर्यंत विचार केला, रविवारी पट्टीसकट बाजारात गेला आणि जनावरांच्या पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर बसला. पुढच्या रविवारी परत. असे आठ रविवार.

कट्ट्यावरनं सगळा बाजार दिसायचा. टॉवेलं पडत होती, उठत होती. प्रत्येक टॉवेलाखाली दोन हात. कुणी "तात्या, बरं हाय का" म्हणायचं, पण दुरूनच, मान हलवून. तो हातातल्या हातात परीक्षा घेत बसायचा. बसचं कागदी तिकीट अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायचं, दुसऱ्या हातानं ओढायचं. निसटलं का? नाही निसटलं. परत. एका दुपारी मोजून साठ वेळा. तिकिटाचा चुरा झाला, तेव्हा त्याला वाटलं, कागदच मऊ होता म्हणून निसटला नसेल.

मकबूल दिसायचा. त्याचंही चित्त ठिकाणावर नसावं. ह्या आठ रविवारांत त्याचे दोन सौदे मोडले. लोक म्हणायला लागले, मुलाणी चळला, वय झालं. एकदा तो दाव्याची गाठ दातानं सोडताना दिसला. अंकुशच्या मनात आलं, माझ्याकडं बघून नाटकं करतोय.

पाचव्या महिन्याच्या शेवटी त्याला हे सोसवेना, तेव्हा तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला. तिथं डॉक्टर ऐवळे म्हणून बाई होत्या, वयानं सानिकाएवढ्या. त्यांनी पट्टीकडं बघितलंच नाही. आधी त्याला चड्डीवर उभा केला, टाचांवर चालवला, चवड्यांवर चालवला, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली.

"फडफड कधीपासनं?"

"पाच महिने. आज सहाशे चौदा झालीय."

"मोजायचं बंद करा. तात्या, एक सांगू? नुसती फडफड घेऊन जो माणूस माझ्याकडे घाबरून येतो, त्याला बहुतेक काही नसतं. मी फडफडीला भीत नाही. मी ताकद बघते. हात दाबा माझा."

त्यानं दाबला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात हातात आला होता. त्याला सोडायचं भान राहिलं नाही. बाईंनी घाई केली नाही.

"ताकद चांगली वाटते मला. पण तुम्ही कष्टाचे, कदाचित आधी याच्या दुप्पट असेल. तुमचा हात आधी किती दाबायचा, हे मला कुठं माहीत? कुणाला माहीत आहे का?"

"हाय एकाला," अंकुश म्हणाला.

बाईंनी आपला पंजा पुढं धरला. "हा आजार हाताचे दोन भाग करतो. अंगठ्याकडचं मांस आधी झडतं. इथं, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, खड्डा पडतो. करंगळीकडची बाजू टिकून राहते. आणि दुखत नाही हो. बधीरही होत नाही. स्पर्श शेवटपर्यंत शाबूत. म्हणून ज्यांना खरंच असतो ते येतच नाहीत. त्यांना वाटतं वय झालं. हातातनं कप पडतो, सदऱ्याचं बटण लागत नाही, गाठ सुटत नाही, आणि लाजेनं कुणाला सांगत नाहीत."

अंकुश आपल्या अंगठ्याच्या बेचक्याकडं बघत होता. ते भरलेलं होतं. तरी त्याला तिथं खड्डा दिसत होता.

"तुमचं समाधान होणार नाही, दिसतंय मला," बाई हसल्या. "गुरुवारी सोलापूरला या. मोठ्या यंत्रावर सुया टोचून नसा तपासतात. पट्टीसारखं सहा महिने नाही, तासाभरात निकाल. सकाळी अकराला. दोन माणसांची वेळ रिकामी आहे तिथं, एक तुमची धरते. आणि सोबत कुणीतरी आणा. तो निकाल एकट्यानं ऐकायचा नसतो."

बाहेर आल्यावर अंकुशनं सानिकाला फोन लावला. तिनं पहिलंच विचारलं, "आबा, सहाशे चौदा?" तो म्हणाला, "चहा जास्त झाला." आणि ठेवला.

रविवारी तो बाजारात गेला तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. मकबूल बाभळीखाली एकटाच बसला होता. त्याच्यापुढं ना बैल होता ना गिऱ्हाईक. चहाचा पेला त्यानं दोन्ही तळव्यांत धरला होता, थंडीत धरावा तसा. थंडी नव्हती.

अंकुश त्याच्यासमोर उकिडवा बसला. मकबूलनं बघून न बघितल्यासारखं केलं.

"मला एक काम हाय तुझ्याकडं," अंकुश म्हणाला.

"खोट्या माणसाकडं काय काम?"

"हात दाबून बघ माझा."

"बांगडीवाल्या हातावर टॉवेल न्हाई. सर्जेरावाला विचार."

अंकुशनं पट्टी सोडली. पाच महिने आणि चार दिवस. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. पट्टीखालचं कातडं पांढरं, मऊ, लहान पोराच्या पायासारखं झालं होतं. पट्टी त्यानं खिशात टाकली.

मकबूलनं ते बघितलं. मग त्याचा आवाज जरा उतरला. "काय झालंय तुला?"

"नसा वाळायचा रोग असंल म्हणून भ्या हाय. डाक्टरीन म्हणते, ताकद गेलीय का बघायचं. पैली किती हुती ते तुलाच ठावं. बत्तीस वर्सं तूच धरलास हात."

"आन् हे तू मला आत्ता सांगतोस?"

"आत्ता सांगतोय."

मकबूलनं पेला खाली ठेवला. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला. नुसतं उघड्यावर हात धरून बसणं दोघांनाही जमलं नसतं. टॉवेलाखाली मात्र काही वाटत नाही.

"दाब," मकबूल म्हणाला.

अंकुशनं मकबूलची चारी बोटं धरली आणि जीव लावून दाबली, वरनं अंगठा रोवला.

"आई गं. सोड, सोड. बोटं मोडशील, मुडद्या." मकबूलनं तोंड वाकडं केलं. "तुला काय धाड भरलीय? हाय तसाच हाईस. उलट रिकामा बसून माजलायस."

"नीट सांग."

"नीटच सांगतोय. तुझा दाब मला अंधारात ओळखू येतोय. तसूभर कमी न्हाई."

अंकुशच्या छातीतनं पाच महिन्यांचा दगड खाली पडला. इतका आनंद झाला की डोळ्यांपुढचा बाजार पाण्यात बुडाल्यासारखा दिसायला लागला. सुया, यंत्र, काही नको. बत्तीस वर्षांचा माणूस सांगतोय.

"आता तू दाब," तो हसत म्हणाला. "बघू माझ्या हाताला कळतंय का. पाच दे."

मकबूलनं चारी बोटं धरली.

करंगळीकडनं पकड घट्ट आली. तर्जनीकडं ढिली पडली. आणि हाताच्या पाठीवर काहीतरी येऊन टेकलं, भिजलेल्या कापसासारखं. दाब नव्हता त्यात. नुसतं टेकलं होतं.

"दे की पाच," अंकुश म्हणाला. हसू अजून तोंडावरच होतं.

"दिलेत की."

अंकुशचा हात टॉवेलाखाली थांबला. मग हळूच, भाव चाचपावा तसं, त्यानं आपलं बोट मकबूलच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात नेलं. तिथं खड्डा होता. बोटाचं पेर मावेल एवढा. आणि त्या खड्ड्याच्या तळाशी, कातड्याखाली, चिमणीचं पिल्लू फडफडत होतं.

"चाचपतोस काय? गाभण म्हैस हाय का मी?" मकबूल म्हणाला.

त्या दिवशी मकबूलनं पाचच दाबले होते. अंकुशनं चारच ऐकले होते. दोघंही खरे होते. अंकुशचा हात शाबूत होता म्हणूनच त्याला दाब नाही हे कळलं होतं, आणि त्यानं भर बाजारात आपलाच हात खोटा ठरवला. दाव्याची गाठ, दोन तळव्यांतला पेला, मोडलेले सौदे. सगळं कट्ट्यावरनं समोर दिसत होतं, आणि तो आपलं तिकीट ओढत बसला होता.

खिशातली पट्टी मांडीला टोचत होती. काढावी आणि मकबूलच्या हाताला बांधावी, असं एकदा आलं त्याच्या मनात. पण मग सहा महिने तो बिचारा घरात बसून आकडा बघणार. त्याला तर पोरगीही नाही विचारायला. आकड्याबरोबर एकट्यानं राहणं काय असतं हे अंकुशपेक्षा जास्त कुणाला माहीत होतं. पट्टी त्यानं खिशातच राहू दिली.

"मकबूल."

"काय?"

"बेस्तरवारी सोलापूरला जायचंय. मोठी तपासणी हाय माझी. सुया टोचत्यात."

"आत्ताच सांगितलं न्हाई का तुला, काय झालेलं न्हाई म्हणून?"

"तू काय डाक्टर हाईस? एकट्याला जायला भ्या वाटतंय. तू चल."

मकबूलनं त्याच्याकडं बघितलं. "भित्रा हाईस."

"हाय."

"बत्तीस वर्सं ह्या भित्र्याबरुबर धंदा केला म्हणायचं मी."

"केलास. आन् तिथं गेल्यावर आधी तू टोचून घ्यायचं. मी बघणार, लई दुखतंय का. मंग मी."

"म्हंजे मला काय नसताना सुया?"

"माझ्यासाठनं."

मकबूलनं खाली, दोघांच्या मधल्या टॉवेलाकडं बघितलं. त्याला काय कळलं आणि काय नाही ते कुणी सांगावं. बत्तीस वर्षं बोटांनी भाव लपवणारी माणसं ती, चेहऱ्यावर काय दाखवणार.

तेवढ्यात सर्जेराव काठी टेकत तिथनं चालला होता. बाभळीखाली टॉवेल पडलेला बघून थांबला. इकडंतिकडं बघितलं, जनावर कुठं दिसेना. "काय रं, सौदा कशाचा चाललाय?"

"म्हातारा बैल हाय," मकबूल म्हणाला. "मारका न्हाई, पर भ्यातोय लई. कोण घेईना."

"देऊन टाक मग फुकट," म्हणत सर्जेराव पुढं गेला.

मकबूलनं पेल्याकडं बघितलं. चहावर साय धरली होती. तो उचलायला त्यानं दुसरा हात पुढं केला नाही.

"किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं.

अंकुशनं तोंडानं सांगितलं नाही. टॉवेलाखाली त्यानं मकबूलची चारी बोटं धरली आणि वरनं अंगठा टेकवला, आता हळू, पण नीट कळेल असा. पाच. मग सोडून दोन बोटं धरली.

"सात," मकबूल म्हणाला.

त्याच्या हाताला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. अंकुशनं हात काढून घेतला नाही. बाजारात सौदे होत राहिले, आणि त्या दोघांचा टॉवेल दुपारच्या भाकरीपर्यंत तसाच पडून राहिला.